चोवीस फुटी शिडाच्या बोटीचा तळ : एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

२४ मे २०२४

काल बुद्धपौर्णिमा झाली, म्हणजे आज उधाणाची भरती. रेवसच्या खाडीकाठी आमच्या यार्डाच्या उतारावर दुपारी साडेबाराच्या सुमारास पुरेसं पाणी चढलं आणि बोट ट्रॉलीवर नीट बसली. पावसाळ्याआधी असं उधाण गाठावंच लागतं, कारण भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान) भरतीला हा उतार अर्धवट कोरडाच असतो.

बोट फायबरची, १९८०च्या दशकातली, परदेशात बांधलेली. लांबी चोवीस फूट, पाणरेषेवर ६.१ मीटर, रुंदी २.७ मीटर, खाली बिडाची कील (पोटाखालचा जड पंख) धरून १.२ मीटर खोल. मुंबई बंदरात मूरिंगवर (तळाशी रोवलेल्या साखळीला बांधून) राहते आणि बहुतेक शनिवार-रविवारीच शीड चढतं. इकडे येताना इंजिन पूर्ण जोरात असूनही साडेतीन नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर जाईना. तळ स्वच्छ असला की हीच बोट पाच नॉट सहज देते. या दीड नॉटचा बंदोबस्त करणं हाच सगळा प्रकल्प.

पाणी ओसरल्यावर तळ उघडा पडला. पाणरेषेलगत ऊन पोचतं तिथे हिरवं शेवाळ, केसांसारखं लोंबणारं. बंदराचं पाणी गढूळ, त्यामुळे त्याखाली हिरवं फारसं नाही, नुसता करडा बुळबुळीत थर. आणि खरी वस्ती सावलीत : कीलच्या मागच्या काठावर, सुकाणू आणि पोट यांच्यामधल्या फटीत, पंख्यावर. तिथे बार्नेकल (चिकटून राहणारे कवचाचे लहान सागरी प्राणी) एकमेकांना खेटून बसलेले, जागा संपली तिथे एकाच्या पाठीवर दुसरा. सुकाणूच्या वरच्या टोकाला कालवंही धरलेली.

आमच्याबरोबर काम करणारे नाखवा लाकडी होड्यांच्या दुरुस्तीत मुरलेले. ते उताराखाली उभे राहून म्हणाले, "दादा, ओलं आहे तोवर काढून घ्या. उद्या छिन्नी लागेल." संध्याकाळपर्यंत प्लास्टिकच्या पत्त्या आणि लाकडी पाचरींनी खरवडलं. लोखंडी पत्ती फक्त कीलवर चालवली, कारण फायबरवर तिचे ओरखडे पडले की पुढच्या वर्षी प्राण्यांना पाय रोवायला तेवढंच निमित्त होतं.

बार्नेकल खरवडताना एक बघण्यासारखं आहे. वरचं शंकूसारखं कवच सहज तुटतं, पण खाली चण्याएवढी गोल पांढरी चकती राहते. तिच्यावर नख फिरवलं की मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेघा लागतात. हा प्राणी लहानपणी पोहत असतो. बसायची जागा शोधताना तो पुढच्या दोन बारीक मिशांनी पृष्ठभागावर चालून पाहतो, जागा पटली की स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्याने डोकं चिकटवतो आणि मग जन्मभर हलत नाही. चकती चुन्याची असते, म्हणून पातळ केलेल्या ॲसिडच्या फडक्याने थोडा वेळ दाबून धरली की फसफसून सुटते. हातमोजे आणि चष्मा लावूनच हे करायचं.

२६ मे २०२४

खाली ताडपत्री अंथरून प्रेशरने पाणी मारलं. खरवडलेला माल पोत्यांत भरला, खाडीत जाऊ दिला नाही. त्यात तळावर वस्ती धरू नये म्हणून दिलेला जुना तांब्याचा रंग आहे, आणि याच काठावर ओहोटीला बायका कालवं फोडायला बसतात.

आज तळाचा नकाशा काढला. रंग पुरता संपलेल्या जागा : कीलची पुढची धार, सुकाणूच्या दोन्ही धारा, आणि गेल्या वर्षी बोट ज्या आधारांवर टेकली होती ते चार चौकोन. जिथे रंगाचा थर जाड राहिला, तिथे फक्त बुळबुळीत थर आहे. म्हणजे गेल्या वर्षीचा रंग वाईट नव्हता. तो काही ठिकाणी संपला आणि काही ठिकाणी लागलाच नव्हता.

इंजिनला गार पाणी घेणारा सीकॉक (बोटीच्या पोटातला झडपेचा नळ) उघडला. भोकाचा घेर निम्मा उरलेला, आत बार्नेकल. उन्हाळ्यात इंजिन तापायचं त्याचं कारण हेच.

१४ सप्टेंबर २०२४

जून ते ऑगस्ट बोट ताडपत्रीखाली. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, आता काम सुरू.

जुना रंग कोणत्या जातीचा हे आधी ठरवायला हवं. ओला पॉलिश पेपर हलकेच फिरवला तर हात लाल झाला. म्हणजे हळूहळू झिजणारा, मऊ जातीचा रंग. त्यावर कडक जातीचा रंग टिकत नाही. खालचा थर झिजत सुटतो आणि वरचं कवच पापुद्र्यांनी निघून येतं. मऊ रंगावर पुन्हा मऊ रंगच द्यायचा, किंवा सगळं खरवडून नव्याने सुरुवात करायची.

मी मऊ, झिजणाराच ठेवणार आहे, आणि या निर्णयामागचं तत्त्व मला महत्त्वाचं वाटतं. अँटिफाउलिंग, म्हणजे तळावरची वस्ती रोखणारा रंग, भिंतीच्या रंगासारखं नुसतं आवरण नसतं. त्यात क्यूप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचा लाल ऑक्साइड असतो, आणि तो थोडा थोडा पाण्यात विरघळत असतो म्हणूनच बोटीलगतच्या पातळ थरात पिल्लांना बसवत नाही. तांबं सुटायचं थांबलं की रंग जागेवर असूनही मेलेला असतो. कडक रंगात तांबं वरच्या थरातून निघून जातं आणि मागे रिकामी चाळण उरते. मग ती घासून आतलं तांबं उघडं करावं लागतं. शर्यतीवाले तो रंग पसंत करतात कारण तो गुळगुळीत घासता येतो आणि पाण्यातही ब्रश मारता येतो. मात्र वर्षातले चार महिने जमिनीवर काढणाऱ्या बोटीवर तो कोरड्या हवेत निकामी होत जातो, आणि दरवर्षी थरावर थर चढून जाड पोपडा होतो. झिजणाऱ्या रंगात राळ आणि तांबं बरोबरच जातात, त्यामुळे पृष्ठभाग कायम ताजा राहतो. आमच्या मूरिंगवर भरती-ओहोटीची ओढ चांगली आहे, बोट उभी असतानाही थोडी झीज होत राहते.

घासकाम सगळं ओलंच केलं, ८० नंबरच्या कागदाने. कोरडं घासलं की तांब्याची धूळ फुप्फुसात जाते. या बोटीच्या बाबतीत भीती अधिक आहे. ती १९८०च्या दशकातली, म्हणजे सर्वांत तळाच्या थरांत टीबीटी असू शकतं. ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचं संयुग, तांब्यापेक्षा कितीतरी जहाल. बोटी त्याने अप्रतिम स्वच्छ राहायच्या, पण फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांची कवचं जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली, पिल्लं धरेनात. फ्रान्सने १९८२मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी केली. जगभरच्या जहाजांसाठीचा करार २००१मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८पासून लागू झाला. आमच्या किनाऱ्यावर कालवं हे रोजच्या जेवणातलं अन्न आहे. त्यामुळे जुने थर फोडून काढण्यापेक्षा जिथे ते घट्ट आहेत तिथे ते इपॉक्सीखाली (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेच्या लेपाखाली) बंद करून टाकायचे, आणि जो चिखल निघेल तो गोळा करायचा, हा मार्ग धरला.

२२ सप्टेंबर २०२४

आजचा दिवस कीलचा. बिडाची कील म्हणजे लोखंड, आणि त्यावर थेट तांब्याचा रंग लावला तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जोडी जमते आणि झिजतं ते लोखंड. मध्ये इपॉक्सीचा अखंड पडदा हवाच. गंजाचे फुगे ग्राइंडरने काढून लोखंड चमकेपर्यंत घासलं.

आपल्या हवेत इथेच गाडी अडते. घासलेल्या लोखंडावर दोन-तीन तासांत पुन्हा तांबूस छटा येते, म्हणून घासणं आणि पहिला हात एकाच दिवशी व्हायला हवेत. इपॉक्सीची अट अशी की पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर असावं. सकाळी नऊला हवा ३० अंश, आर्द्रता ७५ टक्के, म्हणजे दवबिंदू २५च्या आसपास. पण रात्रभर गार झालेलं बीड २६.५ अंशांवर. डोळ्यांना कोरडं दिसलं तरी रंगासाठी ओलंच. घासायला अकरा वाजता घेतलं, तोवर ऊन कीलवर आलं होतं. साडेबाराला बीड ३०वर पोचलं तेव्हा पहिला हात दिला. भिंतींना रंग देणारे लोक थर्मामीटर बघून हसतात, पण इपॉक्सी सुटण्याची बहुतेक कारणं मला याच तीन अंशांत सापडली आहेत.

२६ सप्टेंबर २०२४

काल मुंबईत आणि इथेही धुवाधार. काम बंद. कीलवर गंजाचा ठिपका नाही.

५ आणि ६ ऑक्टोबर २०२४

पाऊस हटला, आर्द्रता उतरली. पोटाच्या डाव्या बाजूला आठवड्यापूर्वी दिसलेले चार फुगे फोडून कोरडे करायला ठेवले होते. फोडताना आतून व्हिनेगरसारख्या वासाचे थेंब आले होते. फायबरमध्ये झिरपलेलं पाणी राळेतल्या द्रव्यांशी मिसळून असे फुगे येतात. चार म्हणजे काळजीचं काही नाही. इपॉक्सी पुट्टीने भरले.

मग संपूर्ण तळाला दोन भागांच्या इपॉक्सीचे हात. दोन हातांमध्ये रात्र गेली तर वर मेणचट पापुद्रा येतो. तो थिनरने जात नाही, साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने जातो. धुऊन, वाळवून, मगच कागद फिरवायचा.

रविवारी शेवटचा हात दिल्यावर दर थोड्या वेळाने अंगठा टेकवून पाहत होतो. अंगठ्याचा ठसा उमटतो पण रंग बोटाला लागत नाही, त्या क्षणी अँटिफाउलिंगचा पहिला हात चढवला. तेव्हा दोन्ही थर एकमेकांत रासायनिक रीतीने बांधले जातात. इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर लावलं तर सगळं पुन्हा घासावं लागलं असतं. हा पहिला हात मुद्दाम लाल दिला. वरचे निळे आहेत. पुढे कधी निळ्यातून लाल डोकावलं की कळेल, रंग इथे संपत आला.

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसरा. रोलर, पत्त्या, ग्राइंडर सगळ्यांची पूजा झाली, आज त्यांनाच कामाला लावलं.

रंग किती लागेल याचा हिशेब सोपा आहे : पाणरेषेवरची लांबी गुणिले रुंदी आणि खोली यांची बेरीज, आणि मध्यम जड बोटीसाठी त्याचे पाऊणपट. ६.१ × (२.७ + १.२) × ०.७५, म्हणजे सुमारे १८ चौरस मीटर. लिटरमागे नऊ चौरस मीटर धरले तर एका हाताला दोन लिटर. लालच्या एका हातानंतर निळ्याचे दोन, म्हणजे चार लिटर, आणि धारांसाठी एक लिटर जादा. रंग वाचवायला थिनर घालून पातळ करणं म्हणजे तांबंच कमी लावणं. किंमत रंगाची नसते, पाण्यात उतरणाऱ्या तांब्याच्या जाडीची असते.

डब्यात तांबं तळाला बसतं. वरचं पातळ द्रव्य ओतून लावलं तर नुसती राळ लागते. लाकडी फळीने तळापासून उपसत बराच वेळ ढवळलं, आणि काम चालू असतानाही मध्ये मध्ये. उलटी फळी वर काढली की टोकाला गेरूसारखा दाट लगदा दिसतो, तो फळीवर दिसेनासा झाला म्हणजे ढवळणं पुरलं.

रोलर आखूड केसांचा. पाणरेषा, कील आणि सुकाणू यांच्या धारा, सुकाणूची फट इथे जादा हात, कारण मेमधला नकाशा तेच सांगतो. तीक्ष्ण धारेवरून ओला रंग मागे सरकतो आणि तिथेच थर सर्वांत पातळ राहतो. म्हणून धारा आधी ब्रशने, मग रोलर. पाणरेषाही पाच सेंटिमीटर वर घेतली. माणसं आणि सामान चढलं की बोट बसते, आणि शेवाळ नेमकं त्या पट्ट्यात धरतं.

खोली मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडावर फक्त पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) जातीचा पातळ हात. जाड रंगाने आवाज अडतो.

नाखवा दुपारी विडी ओढत सावलीत बसले होते. त्यांच्या वडिलांच्या काळी लाकडी होडी ओहोटीला वाळूवर आडवी करायचे, पोटाखाली सुक्या झावळ्या पेटवून शेक द्यायचे, म्हणजे वरची वस्ती जळते आणि लाकूड पोखरणारा किडाही मरतो. मग मुशीच्या तेलात चुना खलून लेप. "दर महिना-दीड महिन्याने करायचो," ते म्हणाले. त्या लेपाची ताकद पुन्हा पुन्हा लावण्यात होती, हे माझ्या मनात राहिलं. कुठलाही लेप झिजणारच. प्रश्न एवढाच की तो किती वेगाने झिजू द्यायचा आणि पुन्हा कधी लावायचा.

१६ ऑक्टोबर २०२४

आज पंखा, झिंक आणि सीकॉक.

पंखा काशाचा, त्यात भरपूर तांबं आहे. मग त्यावर बार्नेकल का बसतात, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर १८२४मध्येच मिळालं होतं. ब्रिटिश नौदल तेव्हा जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत असे. सुरुवात १७६१मध्ये एचएमएस अलार्म या जहाजापासून झाली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागवानाचं बांधलेलं आणि १८१७मध्ये पाण्यात उतरवलेलं ट्रिंकोमाली हे अजून इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाहायला मिळणारं जहाजही त्याच परंपरेतलं. पत्रे खाऱ्या पाण्यात झिजत जायचे, म्हणून रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीला विचारलं गेलं. त्याने तांब्याला लोखंडाचे किंवा झिंकचे लहान तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं आणि जहाजांच्या तळांवर रान माजलं. विरघळणारं तांबंच तर प्राण्यांना रोखत होतं, आणि नौदलाला ती योजना सोडावी लागली.

माझ्या पंख्याचं तेच होतं. शाफ्टवरचं (पंख्याच्या दांड्यावरचं) झिंक स्वतः झिजून पंख्याला वाचवतं, म्हणून काशातलं तांबं पाण्यात येत नाही. झिंक काढायचं? मग पंखाच झिजतो. त्यामुळे पंख्याला विषाचा आधार नाही, गुळगुळीतपणाचाच आहे. आरशासारखा घासला, हीट गनने कोमट केला आणि लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं) ग्रीस चोळून पातळ पसरवलं. झिंक नवं बसवलं, त्याच्या बैठकीची जागा चमकेपर्यंत घासली. त्यावर रंगाचा थेंबही लागू दिला नाही. रंगवलेलं झिंक काही वाचवत नाही.

सीकॉकच्या भोकात वाकड्या ब्रशने जाईल तेवढ्या आत अँटिफाउलिंग. बाहेरच्या जाळीची फट मोठी केली, म्हणजे पाण्यातूनही सळई घालता येईल.

फायबरच्या तीन टाकाऊ चौकोनांवर चाचणीही तयार केली. एक कोरा, एकावर निळ्याचा एक हात, एकावर दोन. नाखवांच्या आग्रहाने चौथा तुकडा सागाचा, काजूच्या टरफलाचं तेल लावलेला. चारही दोरीने मूरिंगच्या साखळीला एक मीटर खोल टांगायचे.

१८ ऑक्टोबर २०२४

कोजागिरीनंतरचं उधाण. बोट पट्ट्यांवर किंचित उचलून आधारांखालच्या चौकोनांना आणि कीलच्या तळव्याला इपॉक्सी आणि लालचा हात आधीच्या दोन दिवसांत देऊन झाला होता, आज सकाळी निळा. रंग सुकायला लागणारा किमान वेळ डब्यावर असतो तसा कमालही असतो. इतक्या दिवसांत पाण्यात उतरवा म्हणून. ती तारीख अजून लांब आहे. भरतीला बोट तरंगली. मुंबईकडे जाताना पाच नॉट.

१५ डिसेंबर २०२४

मूरिंगवर डुबकी. बंदराच्या पाण्यात हातभर पुढचंही दिसत नाही, म्हणून तपासणी तळहातांनी. हातमोजे न घालता. बुळबुळीत थर हाताला शेवाळलेल्या पायरीसारखा लागतो आणि बोटाने पुसला जातो. बार्नेकल खरखरीत कागदासारखे लागतात, तेही अगदी बारीक असल्यापासून. पोटावर फक्त बुळबुळ. कीलची पुढची धार स्वच्छ. सुकाणूच्या फटीत आत खोलवर, जिथे ब्रश पोचत नाही, एक रांग खरखरीत.

पंख्याच्या पात्यांवर थोडे, मधल्या गाभ्यावर बरेच. पण लॅनोलिनवरचे अंगठ्याने सुटले, चकतीसकट. खरवडावं लागलं नाही. पोटाला ब्रश लावला नाही. मऊ रंग घासला तर वर्षाचा साठा एका दुपारी पाण्यात जातो, आणि त्याचा ढग शेजारच्या पाण्यात. मऊ स्पंजाने एक हात फिरवला, तेवढंच.

चाचणीचे तुकडे : कोरा पूर्ण भरलेला. एक हात आणि दोन हात यांत अजून फरक नाही. सागाच्या तुकड्यावर बारीक बार्नेकल, कोऱ्यापेक्षा कमी.

१५ फेब्रुवारी २०२५

पुन्हा डुबकी. या वेळी एक हात दिलेल्या तुकड्याच्या चारही कडा खरखरीत, मध्य स्वच्छ. दोन हातांचा तुकडा कडेपर्यंत स्वच्छ. म्हणजे पहिला हार धारेवरच होतो, आणि ऑक्टोबरमधला जादा लिटर योग्य जागी गेला. सागाचा तुकडा आता कोऱ्याइतकाच भरला. तो कापून पाहिला. लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं भोक सापडलं नाही, हे नाखवांना दाखवलं. "तेल आत मुरलंय ना," ते म्हणाले. बाहेर कोण बसतं त्याच्याशी तेलाला देणंघेणं नसावं, आतल्यापुरतं ते काम करत असावं. एका तुकड्यावरून यापेक्षा जास्त म्हणणार नाही.

बोटीवर : पाणरेषेच्या वाढवलेल्या पाच सेंटिमीटरमध्ये शेवाळ नाही. कीलच्या धारेवर एका वितीत निळ्यातून लाल दिसायला लागलंय, बहुधा साखळीच्या घासण्याने. तिथे मेमध्ये तीन हात. सुकाणूच्या फटीसाठी नाखवा पातळ बांबूच्या टोकाला रोलरचा तुकडा बांधून देणार आहेत. पंखा पुन्हा साफ केला, बोटीत ग्रीस आहे पण पाण्याखाली ते चिकटत नाही, म्हणून मेपर्यंत दर महिन्याला डुबकी. झिंक निम्मं उरलंय. सीकॉकमधून पाणी जोरात येतंय, इंजिनचा काटा जागेवर.

मेमधली उधाणं वेळापत्रकात पाहून ठेवली. यार्डाला पौर्णिमेनंतरचा दिवस मागितला आहे.